पालिकेच्या जुन्या दप्तरात शिरायचं कसं, आणि आत गेल्यावर बघायचं काय

आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात एका ठरावीक जागी शहाबादी फरशी दर पावसाळ्यात खचायची. बरोब्बर गोल, साधारण चार हात रुंद. वडील दरवर्षी दिवाळीआधी मुरूम टाकून फरशी परत बसवून घ्यायचे आणि पुढच्या श्रावणात ती परत खाली. आजीला विचारलं तर म्हणायची, जागाच तशी आहे. मग एकदा घर नावावर करायच्या कामासाठी नगरपालिकेत घरपट्टीचा जुना उतारा काढायला गेलो, तिथं रेकॉर्ड सांभाळणारे एक काका होते त्यांनी उतारा करून देण्याऐवजी अख्खं रजिस्टरच माझ्या पुढ्यात ठेवलं, तुमचं तुम्हीच शोधा म्हणाले, आणि आमच्या घराच्या ओळीत सगळ्यात शेवटच्या रकान्यात फिकट जांभळ्या शाईत लिहिलेलं दिसलं: "आड बुजविला. पटकी. नोटीस पहा."

पटकी म्हणजे कॉलरा. आमच्या अंगणात आड होता हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

त्या तीन तुकड्यांतलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नोटीस पहा. मी काकांना विचारलं नोटिसा कुठं असतात, त्यांनी दुसरा गठ्ठा दाखवला, त्यात नोटीस सापडली (संडासापासून आडाचं अंतर कमी, अमुक दिवसांत बुजवावा), नोटिशीला जोडलेला पणजोबांचा हरकतीचा अर्ज सापडला की आड बुजवला तर बायामाणसांना पाणी फार लांबून आणावं लागेल, अर्जावर शेरा होता "सभेपुढे ठेवावा", आणि सभेच्या ठरावाच्या बुकात कळलं की आमच्या बोळाच्या तोंडाशी जो सार्वजनिक नळ आहे, जो मी लहानपणापासून बघतोय, तो या अर्जामुळं बसला. चार कागद, एका दुपारी. तेव्हापासून मला हा नाद लागला, मुंबई-पुण्यापर्यंत जाऊन बघून आलो, आणि बरेच जण विचारतात की सुरुवात कुठून करायची म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

आधी प्रश्न लहान करा

"मला आमच्या शहराचा इतिहास बघायचाय" असं म्हणत गेलात तर रेकॉर्ड रूममधला माणूस तुम्हाला काहीच देऊ शकत नाही, कारण पालिकेच्या दप्तरात इतिहास नावाचा गठ्ठा नसतो. तिथं घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, बांधकाम परवाने, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, दिवाबत्तीचा खर्च, मंडईचे गाळे, सफाई खात्याची हजेरी, सभेची इतिवृत्तं, आवक-जावक बुकं. म्हणून प्रश्न असा न्या: अमुक पेठेतला अमुक घर नंबर, साधारण १९३० ते १९४५. किंवा: आमच्या चौकातला दिवा कधी लागला. किंवा: हा रस्ता रुंद करताना कोणाकोणाची जागा गेली. एक जागा, एक दहा-पंधरा वर्षांचा काळ, आणि एक वस्तू. बाकीचं सगळं त्याला धरून येतं.

आणि वस्तू निवडताना माझं स्पष्ट मत आहे की पैसा नाहीतर तक्रार यातलं काहीतरी निवडा. पुतळे, सत्कार, उद्घाटनं यांच्या फायली जाड असतात पण आत फार काही नसतं. लोक खरं बोलतात ते पैसे मागताना आणि तक्रार करताना. मोरीच्या वासाबद्दल, शेजाऱ्यानं काढलेल्या पडवीबद्दल, रात्री भुंकणाऱ्या कुत्र्यांबद्दल केलेला अर्ज वाचा, त्यात अख्खा बोळ डोळ्यापुढं उभा राहतो, कोण कुठं राहत होतं, पाणी कुठून यायचं, कुठल्या घरात कुणाचा धंदा होता.

कागद असतात कुठं

फक्त पालिकेच्या इमारतीत नसतात, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. पालिका काही स्वतंत्र राज्य नव्हती, प्रत्येक मोठ्या गोष्टीसाठी ती सरकारला पत्र लिहायची आणि सरकार उत्तर द्यायचं, म्हणजे एकाच भांडणाचे दोन गठ्ठे तयार व्हायचे. पालिकेकडचा वाळवीनं खाल्ला, पुरात गेला, रद्दीत गेला, तरी सरकारकडचा राहिलेला असू शकतो. मुंबईत हे सरकारी गठ्ठे महाराष्ट्र पुराभिलेखागारात आहेत, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. या दप्तरखान्याची सुरुवात १८२१ ची. पुण्याला पुराभिलेखागार म्हणजे आपण ज्याला पेशवे दप्तर म्हणतो ते, तिथं जुनं मोडी पुष्कळ आहे पण इंग्रजी अमदानीतलंही आहे. तिथं गेल्यावर पालिकेचं नाव न शोधता सरकारच्या खात्याचं नाव शोधायचं, जनरल डिपार्टमेंट, पब्लिक वर्क्स वगैरे, आणि मग वर्षाच्या सूचीत शहराचं नाव.

घरबसल्या सुरुवात करायची असेल तर मुंबई पालिकेचे जुने वार्षिक प्रशासन अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून टाकलेत. सगळी वर्षं नाहीत, पण आहेत तेवढे पुरून उरतात. आयुक्तांचा अहवाल पुढं असतो तो चाळा आणि सोडा, खरा माल मागं परिशिष्टात असतो, हेल्थ ऑफिसरचे मृत्यूचे तक्ते, कार्यकारी अभियंत्याच्या कामाच्या याद्या. त्या तक्त्यांमधे मुंबईचे जुने विभाग दिसतात, मांडवी, चकला, उमरखाडी, खारा तलाव, कुंभारवाडा, फणसवाडी, खेतवाडी, एकेका विभागात कशानं किती माणसं गेली. १८९६ चा अहवाल मिळाला तर मुद्दाम बघा. सप्टेंबर महिन्यात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला, आणि तिथून पुढं पालिकेच्या कागदांची भाषाच बदलते. घराघरांवर "यू एच एच" अशी तीन अक्षरं रंगवली जायची, म्हणजे मनुष्यवस्तीला अयोग्य. त्यातूनच १८९८ मधे शहर सुधारायला पालिकेपासून वेगळा असा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड, दादर-माटुंगा या सगळ्या आखण्या त्याच्या, आणि १९३३ मधे तो ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. म्हणून दादर-माटुंग्याच्या एखाद्या प्लॉटचे कागद शोधताना १९३३ च्या आधी पालिकेत काही मिळत नसेल तर हिरमुसू नका, ट्रस्टचे म्हणून मागा.

रस्त्यांची नावं बदललीत हेही आधीच लिहून ठेवा नाहीतर तासन् तास जातील. जुन्या कागदात डॉ. भडकमकर मार्ग मिळणार नाही, लॅमिंग्टन रोड मिळेल. दादर-माहीमचा वीर सावरकर मार्ग म्हणजे कॅडेल रोड. परळ-दादरचा आंबेडकर रोड म्हणजे व्हिन्सेंट रोड. घर नंबरही बदलतात, पुण्यात तर पेठ नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि पालिकेचा नंबर असे तीन वेगवेगळे आकडे एकाच वाड्याला असतात, तिन्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आत जायचं कसं

पुराभिलेखागारात रीतसर संशोधकांची सोय आहे, अर्ज, ओळखपत्र, विषय लिहून द्यायचा, तिथं अडचण नाही. लहान गावच्या नगरपालिकेत मात्र अशी खिडकीच नसते. तिथं आधी साधेपणानं जाऊन भेटा. रेकॉर्ड कीपरला दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर भेटा, सोमवार आणि मार्च महिना टाळा, मार्चमधे सगळे वसुलीत असतात आणि तुमच्याकडं बघायला कोणालाच वेळ नसतो. घरपट्टीच्या उताऱ्यासारखं एखादं खरं काम घेऊन गेलात तर बोलणं आपोआप सुरू होतं.

सोमवार टाळा म्हटलं, पण एक सोमवारची सोयही निघाली होती, तुमच्याकडं चालू आहे का ते आधी विचारा. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं बघू द्यायची ही पद्धत पुणे महापालिकेत सुरू झाली आणि २०१८ मधे राज्य सरकारनं ती इतर कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांनाही लागू केली. तिकडं लोक चालू कामाच्या फायली बघायला येतात, जुन्या गठ्ठ्यांसाठी तो वेळ पुरत नाही, पण अमुक रजिस्टर अस्तित्वात आहे का एवढं विचारायला चांगला.

नुसत्या विनंतीनं नाहीच जमलं तर माहिती अधिकार. जोडपत्र अ म्हणजे ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, झेरॉक्स पानाला २ रुपये. इथं दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, तुम्ही नुसती माहिती न मागता "अवलोकन" मागू शकता, म्हणजे जाऊन प्रत्यक्ष कागद बघणं, आणि जुन्या दप्तरासाठी तेच मागायचं, कारण काय मागायचं हे बघितल्याशिवाय कळतच नाही. दुसरी, कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणं २० वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती असेल तर नकार द्यायची बरीचशी कारणं लागू होत नाहीत, मोजके अपवाद सोडले तर. अर्जात हे कलम लिहा. मला एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) "सदर अभिलेख उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर आलं होतं. मी परत विचारलं की उपलब्ध नाही म्हणजे नष्ट केला का, केला असेल तर नष्ट केल्याची नोंद आणि तारीख दाखवा. दोन आठवड्यांनी रजिस्टर सापडलं. उपलब्ध नाही या उत्तरावर कधीही थांबू नका, कागद नष्ट करायचीही एक यादी असते, आणि तीही मागता येते.

त्यासाठी वर्गवारी माहीत हवी. सरकारी कचेऱ्यांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. अ म्हणजे कायम ठेवायचे, ब तीस वर्षं, क त्याहून कमी, ड म्हणजे वर्षभरात काढून टाकायचे. बऱ्याच ठिकाणी गठ्ठ्याच्या कापडाचा रंगही त्यावरून, अ ला लाल, ब ला हिरवं, क ला पिवळं, ड ला पांढरं. लाल कापडात ठराव, मालमत्तेची रजिस्टरं असलं मिळतं. पण मजा अशी की लोकांचे तक्रारअर्ज हे सहसा खालच्या वर्गात जातात आणि ते नियमानं केव्हाच नष्ट व्हायला हवे होते, तरी कोणीतरी ते चुकून ठरावाच्या फाईलला टाचून ठेवलेले असतात. म्हणून लाल गठ्ठ्यातली फाईल शेवटच्या पानापर्यंत उलटा.

गठ्ठा सोडल्यावर

हात धुऊन कोरडे करा. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती घरी ठेवून जा, कागदालाही वाईट आणि तुम्हालाही, जुन्या दप्तरावर काय काय औषधं मारलेली असतात. पेन नको, पेन्सिल. मास्क लावा. गाठ सोडायच्या आधी गठ्ठ्याचा एक फोटो काढा म्हणजे परत तसाच बांधता येतो. फ्लॅश बंद. पान चिकटलेलं असेल तर ओढू नका, राहू दे, दुसरं काहीतरी वाचा. सेलोटेप तर कधीच नाही, मी एका रजिस्टरचं पान बघितलंय, कोणीतरी मायेनं टेप लावलेली, आता टेपच्या खालची सगळी नावं तपकिरी होऊन गेलीत आणि वरखाली कोरं राहिलंय.

फोटो काढताना क्रम ठेवा, आधी गठ्ठ्याची चिठ्ठी, मग रजिस्टरचं पहिलं पान, मग पान नंबरासकट अख्खं पान, मग जवळून. मी सुरुवातीला नुसती ओळ जवळून घ्यायचो आणि घरी आल्यावर ती कुठल्या वर्षाची हेच कळायचं नाही, एका चांगल्या अर्जाची जागा अशी कायमची हरवलीय माझ्याकडून आणि त्याची रुखरुख अजून आहे.

वाचताना आधी शेऱ्याचा रकाना. मालकाचं नाव, घराचं वर्णन, आकारणी हे सगळं छापील साच्यातलं असतं, वर्षानुवर्षं तेच उतरवलेलं. शेरा मात्र कारकुनानं स्वतः बघून लिहिलेला असतो. "जिना पडला." "अर्धी जागा सोनारास भाड्याने." "मालक मुंबईस." शेऱ्यात दुसऱ्या कागदाचा नंबर असेल तर तो लगेच उतरवून घ्या, पुढची वाट तीच.

रक्कम १२-७-४ अशी लिहिलेली असेल तर ती तारीख नाही, १२ रुपये ७ आणे ४ पै. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्या वर्षाच्या रजिस्टरमधे काही ठिकाणी दोन्ही हिशोब शेजारी शेजारी दिसतात. शके दिलं असेल तर साधारण ७८ मिळवा. मोडी आली तर घाबरू नका, वर्ग चालतात, दोन-तीन महिन्यांत निदान नावं आणि आकडे लागायला लागतात, आणि पालिकेच्या कागदात मोडी बहुतेक जुन्या अर्जांत आणि सह्यांतच असते.

मुंबईच्या कागदांत वेळ लिहिली असेल तर मात्र थांबा. १ जानेवारी १९०६ ला देशाची प्रमाणवेळ सुरू झाली, मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागं होती, आणि शहरानं ती सोडायला नकार दिला. रेल्वे एका वेळेवर, पालिका दुसऱ्या. ही "मुंबई टाइम" स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकली होती. म्हणजे एखाद्या आगीची किंवा अपघाताची वेळ दोन कागदांत पाऊण तासाच्या आत-बाहेर वेगळी दिसली तर कोणीतरी खोटं बोलतंय असं लगेच ठरवू नका, आधी ३९ मिनिटांचा हिशोब करून बघा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही बोलतच नव्हतो. एका शहराच्या सभेनं सूर्य आपल्या डोक्यावर कधी येतो हे आम्ही ठरवणार असं म्हणून ठराव करायचे, भांडायचे, आणि निम्मं शतक ते निभवायचं.

एका ठरावावर थांबू नका

सगळ्यात जास्त चूक इथं होते. एखादा ठराव सापडला की माणूस खूश होतो, फोटो काढतो, अमुक साली आपल्या गावात अमुक झालं म्हणून लिहून मोकळा होतो. ठराव झाला म्हणजे ते झालं असं नसतं. ठरावाच्या आधीचा अर्ज शोधा आणि ठरावानंतरची निदान पाच वर्षं बघा.

क्रॉफर्ड मार्केटचं घ्या. आर्थर क्रॉफर्ड १८६५ मधे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले, मार्केटची इमारत १८६९ ची. १८८२ मधे तिथं विजेचे दिवे लागले, मुंबईत पहिल्यांदा. इथंच थांबलात तर एक छान ओळ मिळते. पण पुढचे कागद बघितले तर कळतं की पालिकेनं ज्या कंपनीशी करार केला ती कंपनी थोड्याच काळात बुडाली आणि मार्केटमधे परत गॅसचे दिवे आले. एकदा वीज बघितलेल्या माणसांनी परत गॅसच्या उजेडात भाजी निवडली.

पुण्याची मंडई तर याहून मोठी. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते तेव्हा स्वागतावर हजार रुपये खर्चायचं ठरलं, बत्तीस सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिलं. गावात दारूची दुकानं वाढतायत म्हणून त्यांनी पालिकेला पत्र लिहिलं. आणि मंडईची भव्य इमारत बांधायचं निघालं तेव्हा तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून त्यांनी त्यालाही विरोध केला. इमारत झालीच, १८८६ मधे, अष्टकोनी, मधे उंच मनोरा, मुंबईच्या गव्हर्नरच्या नावानं रे मार्केट. मग पन्नास वर्षांनी, १९३८ च्या सुमारास, आचार्य अत्रे पालिकेत असताना याच इमारतीला महात्मा फुले मंडई नाव मिळालं. दोन्ही ठराव एकाच पालिकेचे. एकात विरोधाचं मत, दुसऱ्यात त्याच माणसाचं नाव. आज मंडईत कोथिंबीर घेणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल, मला तर वाटतं दारात दोन ओळींचा फलक लावायला पाहिजे. (मुंबईचं क्रॉफर्ड मार्केटही आता महात्मा जोतिबा फुले मंडईच आहे.)

आणि महाड. सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असा. त्याला धरून महाड नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ ला चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. नुसता हा कागद हातात आला तर वाटेल की काय पुढारलेली पालिका. पण तळ्यावर पाणी भरायला जायची सोय झालीच नाही, ठराव बुकातच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले, त्यानंतर मारहाण झाली, गोमूत्र-शेण घालून तळ्याचं "शुद्धीकरण" झालं, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच पालिकेनं आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोब्बर चार वर्षं झाली होती. पुढं कोर्टात दहा वर्षं गेली, हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ चा, तळं सगळ्यांचं. आता समजा कोणी फक्त १९२४ चं बुक बघून लिहिलं असतं तर? म्हणून म्हणतो, ठराव सापडला की "रद्द", "दुरुस्त", "तहकूब", "फेरविचार" हे चार शब्द पुढच्या बुकांच्या अनुक्रमणिकेत शोधा. तहकूब विशेषतः. ज्या गोष्टीचा निर्णय कोणालाच घ्यायचा नसतो ती परत परत तहकूब होते, आणि अशा गोष्टीच खऱ्या वाचण्यासारख्या असतात.

आमच्या आडाकडंही मी असाच परत गेलो. मुंबईत १९११ मधे डॉ. बेंटली यांचा मलेरियावरचा अहवाल आला, त्यात शहरातल्या विहिरींमधे होणारे डास हे मोठं कारण म्हणून सांगितलं होतं, आणि पालिकेनं विहिरी बुजवायला, झाकायला लावलं. लोक चिडले, पारशी आणि हिंदू दोघंही, कारण पूजेला, धर्मकार्याला विहिरीचंच पाणी लागायचं. काही ठिकाणी झाकण घालून, जाळी बसवून विहीर ठेवायची मुभा मिळाली. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर, १७२५ ची, अजून आहे. हे वाचल्यावर पणजोबांचा अर्ज मी पुन्हा काढला आणि तेव्हा लक्षात आलं की त्यांनीही आधी झाकण घालतो असंच लिहिलेलं, ती ओळ मी पहिल्यांदा वाचलीच नव्हती, मला नळाच्या बातमीचाच आनंद झालेला. एका गावचा कागद वाचताना दुसऱ्या शहराचा कागद वाचलेला असला की असं होतं.

जे कागदात नाहीत त्यांच्याबद्दल

मुंबई पालिका आजही ज्या १८८८ च्या कायद्यावर चालते त्यात एका कराचं नाव होतं हलालखोर कर. मैला उचलायचा कर. शब्द कायद्यात, पट्टीच्या पावतीवर, हिशोबात सगळीकडं. पण तो मैला उचलणारी माणसं कोण, त्यांची नावं काय, हे आकारणीच्या रजिस्टरमधे नसतं कारण त्यांच्या नावावर घर नसतं. ती शोधायची असतील तर सफाई खात्याची हजेरीपुस्तकं, पगारपत्रकं, दंडाच्या याद्या, आणि संप झाला असेल तर त्या महिन्याची इतिवृत्तं बघा. हजेरीपुस्तकात अंगठ्यांच्या रांगा असतात. मी एक पान बघितलं, सत्तावीस अंगठे, त्यातला एक इतका लहान की मी बराच वेळ शेजारी माझी करंगळी धरून बघत बसलो. बायांची नावंही तिथंच भेटतात, घरपट्टीत त्या फक्त "विधवा अमुक" म्हणून येतात.

तुम्हाला जुन्या दप्तरात खरंच नवीन काही शोधायचं असेल तर ही पुस्तकं आधी मागा, यांना सहसा कोणी हातच लावलेला नसतो आणि रद्दीत जायची पाळीही यांचीच पहिली येते.

घरी आणल्यावर

त्याच रात्री नोंद लिहा. कचेरी, गठ्ठ्याचा नंबर, रजिस्टरचं नाव, वर्ष, पान, आणि एका वाक्यात काय आहे. एवढं असलं की दुसरा माणूस जाऊन तोच कागद काढू शकतो, नाहीतर तुमचं म्हणणं नुसती गोष्ट राहते. जे स्वतः वाचलं ते वेगळं लिहा आणि जो अंदाज केला तो वेगळा लिहा. माझ्या वहीत डाव्या पानावर कागद, उजव्या पानावर माझं डोकं, असं ठेवतो.

मृत्यूच्या रजिस्टरमधे आजार, जात, पत्ता सगळं असतं, वेड, महारोग, आत्महत्या, लग्नाआधीचं मूल. शंभर वर्षं झाली तरी त्या घरातली माणसं त्याच गल्लीत राहत असतात. ते फोटो ग्रुपवर टाकू नका. घरच्यांना शोधून आधी त्यांना दाखवा, त्यांना हवं असेल तर ते सांगतील.

आणि ज्यांनी गठ्ठा काढून दिला त्यांना तुम्हाला काय सापडलं ते जाऊन सांगा. मी आडाची गोष्ट त्या काकांना सांगितली तर त्यांनी ऐकून घेतलं, मग उठले आणि आतून एक पिवळ्या कापडातलं बाड घेऊन आले, म्हणाले हे दिवाबत्ती खात्याचं, यादीत नाही, वीस वर्षांत कोणी मागितलं नाही. त्यात कंदील पेटवणाऱ्यांची रोजची नोंद आहे, कुठल्या कोपऱ्यावरचा दिवा कोणी किती वाजता लावला. आमच्या बोळाच्या तोंडाशी पण एक कंदील होता, नळाच्या बरोब्बर समोर. सध्या मी तेच उतरवतोय, रोज दोन पानं.